पैसे घेणाऱ्या सर्व्हरकडे किल्ली नको

वेबवर एखादे पान सापडले नाही की ४०४ हा आकडा दिसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच मालिकेतला ४०२ मात्र बहुतेकांनी कधी पाहिलेला नसतो. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या मानकात त्याचा अर्थ ‘पैसे भरणे आवश्यक’ असा दिला होता, आणि हा संकेत भविष्यातील वापरासाठी राखून ठेवल्याचे नमूद केले होते. जून २०२२ मध्ये मानकाची नवी आवृत्ती आली, तरी ४०२ राखीवच राहिला.

इतकी वर्षे तो पडून राहण्याचे मुख्य कारण पैशाच्या व्यवहारात होते. अमेरिकेत ऑनलाइन कार्डाने पैसे घेतले की विक्रेत्याला साधारण २.९ टक्के आणि वर ३० सेंट एवढा खर्च पडतो. ज्या गोष्टीची किंमतच एक सेंट आहे, ती अशा मार्गाने विकता येत नाही. एपीआयचा धंदा नेमका असल्या बारीक किमतींचा आहे. एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमकडे काम मागण्याची ठरलेली पद्धत. कुणी हवामानाचा अंदाज मागतो, कुणी नकाशावरचे अंतर, कुणी एखाद्या परिच्छेदाचे भाषांतर. प्रत्येक मागणीची किंमत पैशा-दोन पैशांत किंवा फार तर रुपया-दोन रुपयांत असते. म्हणून आजवर विक्रेते मासिक वर्गणी लावत आले, आधी खाते उघडायला लावत आले.

मे २०२५ मध्ये कॉइनबेस या अमेरिकी क्रिप्टो कंपनीने ‘एक्स४०२’ नावाची खुली पद्धत जाहीर केली आणि हा जुना संकेत कामाला लावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॉइनबेस आणि क्लाउडफ्लेअर यांनी तिच्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान काढण्याचे जाहीर केले. एआय एजंट स्वतःहून माहिती शोधू लागले, विकत घेऊ लागले, तशी अशा पद्धतीची गरज वाढली. तेव्हापासून छोट्या-मोठ्या डेव्हलपरांना एक प्रश्न पडू लागला: माझ्या एपीआयचे पैसे क्रिप्टोमध्ये घ्यायचे तर वॉलेट कसे उभारायचे? वॉलेट उघडायला पाच मिनिटे पुरतात. त्याची किल्ली कुठे ठेवायची, हे मात्र नीट विचार करून ठरवावे लागते, आणि पुढची सारी सुरक्षितता त्यावर अवलंबून असते.

एका मागणीचा प्रवास

समजा, एक एपीआय आहे आणि तिची किंमत दर मागणीला एक सेंट आहे. ग्राहकाचा प्रोग्रॅम माहिती मागतो. सर्व्हर माहिती देण्याऐवजी ४०२ हा संकेत आणि सोबत एक छोटे मागणीपत्र पाठवतो. त्यात चार-पाच गोष्टी असतात: कोणते नेटवर्क, कोणते नाणे, किती रक्कम, कोणत्या पत्त्यावर आणि किती वेळात.

ग्राहकाचा प्रोग्रॅम त्यावर आपल्या किल्लीने डिजिटल सही करतो. ‘या पत्त्यावर, एवढे यूएसडीसी, अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत न्यायला माझी संमती आहे’ असा त्या सहीचा मजकूर असतो. सहीत एक यादृच्छिक क्रमांकही असतो, त्यामुळे तीच संमती दुसऱ्यांदा वापरता येत नाही. यूएसडीसी हे सर्कल कंपनीने २०१८ मध्ये आणलेले, डॉलरशी बांधलेले नाणे. त्याच्या करारातच, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणाऱ्या त्याच्या प्रोग्रॅममध्येच, अशा सहीवर पैसे हलवण्याची सोय आहे आणि ती ईआयपी-३००९ या प्रस्तावातून आली आहे.

सही घेऊन तीच मागणी पुन्हा सर्व्हरकडे येते. सर्व्हर ती मध्यस्थ सेवेकडे पाठवतो. या सेवेला ‘फॅसिलिटेटर’ म्हणतात. ती सही तपासते, व्यवहार ब्लॉकचेनवर नोंदवते आणि नोंदणीचे शुल्क, म्हणजे गॅस, स्वतः भरते. पत्ता आणि रक्कम सहीतच बांधलेली असल्याने मध्यस्थाला त्यातला एक आकडाही बदलता येत नाही. बदलला तर सही जुळत नाही आणि करार व्यवहार नाकारतो. हे सारे बेस या नेटवर्कवर काही सेकंदांत उरकते. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले हे नेटवर्क इथेरियमवर उभे आहे आणि एका व्यवहाराचे शुल्क तिथे साधारणपणे एका सेंटहूनही कमी पडते.

या सगळ्या प्रवासात विक्रेत्याच्या बाजूने काय लागले, ते पाहा. फक्त एक पत्ता लागला. विक्रेत्याने कुठेही सही केली नाही, म्हणजे त्याची किल्ली कुठेच वापरली गेली नाही.

पत्ता आणि प्रायव्हेट की

वॉलेटमध्ये नाणी नसतात. नाण्यांची नोंद ब्लॉकचेनवर असते आणि वॉलेटमध्ये असते ती प्रायव्हेट की, म्हणजे २५६ बिटांची एक प्रचंड संख्या. तिच्यावरून गणिताने पब्लिक की निघते आणि पब्लिक कीवरून पत्ता. इथेरियम आणि बेसवर हा पत्ता वीस बाइटांचा, म्हणजे चाळीस चिन्हांचा असतो आणि त्याच्या आधी शून्य-एक्स अशी खूण असते. हे गणित एकाच दिशेने चालते. पत्ता जगजाहीर झाला तरी त्यावरून प्रायव्हेट की काढता येत नाही. पैसे घ्यायला पत्ता पुरतो, पैसे हलवायला प्रायव्हेट की लागते.

देवळातल्या दानपेटीची रचना अशीच असते. वरच्या फटीतून कुणीही नाणे टाकावे. पेटी उघडण्याची किल्ली मात्र विश्वस्तांच्या घरी. पेटी चोवीस तास गर्दीत उभी असते, म्हणूनच तिच्यापाशी किल्ली ठेवत नाहीत.

एपीआयचा सर्व्हरही असाच चोवीस तास इंटरनेटच्या गर्दीत उभा असतो. तरीही अनेक नवे डेव्हलपर त्यावर प्रायव्हेट की नेऊन ठेवतात, कारण सरावासाठी मिळणाऱ्या बऱ्याच नमुना-प्रोग्रॅममध्ये ती मागितलेली असते. त्यातले काही नमुने पैसे देणाऱ्या बाजूचे असतात, पण घाईत तो फरक लक्षात येत नाही.

ही चूक किती महागात पडते, हे २ डिसेंबर २०२४ रोजी दिसले. सोलाना या ब्लॉकचेनसाठी डेव्हलपर जे जावास्क्रिप्ट पॅकेज सर्रास वापरतात, त्यात हल्लेखोरांनी शिरकाव केला आणि १.९५.६ व १.९५.७ या दोन बनावट आवृत्त्या पसरवल्या. त्या आवृत्त्या प्रायव्हेट की चोरून बाहेर पाठवत होत्या. ज्यांच्या सर्व्हरवरचे बॉट स्वतः प्रायव्हेट की हाताळत होते, त्यांना फटका बसला. ज्या वॉलेटमध्ये की प्रोग्रॅमच्या हाती दिली जात नाही, ती सुरक्षित राहिली. हल्ला काही तासांतच उघड झाला, पण तेवढ्यात काहींची नाणी गेली होती.

म्हणून पहिला नियम: पैसे घेणाऱ्या यंत्राला पैसे खर्च करता येऊ नयेत. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पत्ता लिहा. प्रायव्हेट की तिथे नकोच, सेटिंग ठेवण्याच्या डॉट ईएनव्ही फाइलमध्येही नको. ती फाइल चुकून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर गेली की अशाच चुका हेरण्यासाठी सोडलेले बॉट ती क्षणात टिपतात आणि नंतर फाइल पुसून काही उपयोग होत नाही.

वॉलेट कुठे उघडायचे

तीन मार्ग आहेत. पहिला, एखाद्या एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारावर, खाते उघडून तिथला जमा-पत्ता वापरायचा. हे सर्वात सोपे आहे, कारण किल्ली एक्स्चेंजकडेच असते आणि नाणे विकून पैसे बँकेत वळते करता येतात. पण किल्ली दुसऱ्याची म्हणजे जोखीमही दुसऱ्याच्या हाती. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोतले माउंट गॉक्स हे एक्स्चेंज कोसळले तेव्हा सुमारे ८,५०,००० बिटकॉइन गहाळ झाल्याचे सांगितले गेले. आपल्याकडे १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या एक्स्चेंजच्या वॉलेटवर हल्ला होऊन सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली आणि ग्राहकांची नाणी वर्षभराहून अधिक काळ अडकून राहिली. शिवाय काही नाण्यांसाठी एक्स्चेंज पत्त्यासोबत एक टॅग किंवा मेमोही मागते. ग्राहकाने तो लिहिला नाही तर पैसे येतात, पण कुणाच्या खात्यात घालायचे ते कळत नाही.

दुसरा मार्ग पेमेंट प्रोसेसरचा. तो ग्राहकाला पावती देतो, पैसे आले की तुमच्या सर्व्हरला निरोप पाठवतो आणि शुल्क कापून घेतो. ज्यांना दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके व्यवहार अपेक्षित आहेत, त्यांना हा सोयीचा आहे.

तिसरा मार्ग स्वतःच्या वॉलेटचा. त्यातही दोन प्रकार आहेत. फोनवर किंवा ब्राउझरमध्ये असते ते हॉट वॉलेट, कारण किल्ली इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर असते. हार्डवेअर वॉलेटमध्ये ती एका छोट्या उपकरणातच राहते आणि सही तिथेच होते. प्रागच्या सातोशीलॅब्सने २०१४ मध्ये बाजारात आणलेले ट्रेझर आणि फ्रान्सचे लेजर ही यातली ओळखीची नावे. नियमित कमाई असेल तर माझे मत स्पष्ट आहे: जमा-पत्ता हार्डवेअर वॉलेटचाच असावा. सुरुवातीला काही हजारांचा खर्च येतो, पण सर्व्हर फुटला तरी साठलेली कमाई शाबूत राहते.

दोघे-तिघे मिळून सेवा चालवत असतील तर मल्टिसिग वॉलेट घ्यावे. त्यात तीनपैकी दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे हलत नाहीत. एकाची किल्ली हरवली तरी काम अडत नाही आणि एकट्याला परस्पर काही करताही येत नाही. मात्र पडद्यावर दिसणारा व्यवहार न वाचता सही केली तर मल्टिसिगही वाचवत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, तेव्हा सह्या करणाऱ्यांच्या पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही वेगळ्याच व्यवहारावर होत होती.

बारा शब्दांची राखण

वॉलेट सुरू करताना ते बारा किंवा चोवीस शब्द दाखवते. ही सीड फ्रेज. २०१३ च्या बीआयपी-३९ या प्रस्तावाने तिची पद्धत घालून दिली. २०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे, त्यातून हे शब्द येतात आणि त्यांवरून सगळ्या किल्ल्या पुन्हा तयार करता येतात. उपकरण हरवले, जळाले, बिघडले तरी शब्द हाती असतील तर पैसे परत मिळतात. शब्द दुसऱ्याच्या हाती गेले तर त्याला उपकरणाची गरजच उरत नाही.

हे शब्द कागदावर स्वच्छ अक्षरात, क्रमाने लिहावेत आणि दोन वेगळ्या जागी ठेवावेत. त्यांचा फोटो काढू नये, ते व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवू नयेत, गूगल ड्राइव्हवर चढवू नयेत. मग एक परीक्षा घ्यावी: पैसे येण्याआधीच उपकरण पूर्ण पुसून शब्दांवरून वॉलेट पुन्हा उभे करावे आणि पत्ता तोच येतो का ते पाहावे. ही तालीम बहुतेक जण टाळतात. लिहिताना एक शब्द चुकला असेल तर तो रिकाम्या वॉलेटवर कळणे चांगले. आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला कागद कुठे आहे आणि कशाचा आहे एवढे तरी माहीत असावे, कारण क्रिप्टोमध्ये बँकेसारखी वारसनोंद नसते.

पत्ता सुंदर दिसावा म्हणून ठरावीक अक्षरांनी सुरू होणारे पत्ते बनवून देणारी साधने मिळतात. ती वापरू नयेत. प्रोफॅनिटी नावाच्या अशाच एका साधनात यादृच्छिक संख्या फारच तोकड्या बीजातून निघत होती आणि किल्ल्यांचा अंदाज बांधणे शक्य होते. सप्टेंबर २०२२ मध्ये विंटरम्यूट या व्यापारी संस्थेचे सुमारे १६ कोटी डॉलर गेले, त्यामागे हीच त्रुटी असल्याचे तज्ज्ञांनी दाखवून दिले.

नेटवर्क, नाणे आणि दशांश

एकच पत्ता इथेरियमवर चालतो, बेसवर चालतो आणि त्यांच्या जातीच्या इतर नेटवर्कवरही चालतो. म्हणून ‘माझ्या पत्त्यावर यूएसडीसी पाठवा’ एवढे सांगणे अपुरे आहे. नेटवर्कचे नाव आणि त्याचा क्रमांक दोन्ही लिहावेत. इथेरियमचा क्रमांक १ आहे, बेसचा ८४५३ आणि सरावासाठी असलेल्या बेस सेपोलियाचा ८४५३२. शेवटचे दोन क्रमांक सारखेच दिसतात, आणि सरावाच्या जाळ्यावरची बिनमोलाची नाणी खऱ्या कमाईत मोजण्याची चूक इथूनच होऊ शकते.

नाण्याचे नावही पुरेसे नाही. यूएसडीसी या नावाचे बनावट नाणे कुणीही काढू शकतो. खरे नाणे ओळखायचे ते त्याच्या कराराच्या पत्त्यावरून, आणि तो पत्ता सर्कलच्या अधिकृत यादीतूनच घ्यावा.

तिसरी गोष्ट दशांशाची. ब्लॉकचेनवर अपूर्णांक नसतात, सगळे पूर्णांकात लिहावे लागते. यूएसडीसीला सहा दशांश स्थळे आहेत. म्हणजे एक डॉलर १०,००,००० असा लिहायचा आणि एक सेंट १०,००० असा. इथेरियमच्या इथर या नाण्याला अठरा दशांश स्थळे आहेत, तर एका बिटकॉइनमध्ये दहा कोटी सातोशी असतात. यूएसडीसीची किंमत लिहिताना कुणी सवयीने इथरचे अठरा दशांश धरले, तर एका सेंटच्या मागणीची किंमत एक हजार कोटी डॉलर होईल आणि ग्राहकाचा प्रोग्रॅम ती नाकारून निघून जाईल. उलट दोन शून्ये कमी पडली तर माल शंभराव्या हिश्श्याच्या भावाने विकला जाईल आणि महिनाभर लक्षातही येणार नाही.

हे सारे आधी टेस्टनेटवर, म्हणजे सरावाच्या जाळ्यावर, चालवून पाहावे. तिथली नाणी फुकट मिळतात. मग खऱ्या नेटवर्कवर स्वतःच ग्राहक होऊन एक सेंट भरावा, तो पत्त्यावर आलेला पाहावा आणि तो दुसरीकडे पाठवूनही पाहावा. पाठवताना एक गोष्ट लक्षात येईल: येताना गॅस मध्यस्थाने भरला होता, पण यूएसडीसी बाहेर न्यायचे तर आपल्याकडे थोडे इथर लागते. ते आधीच ठेवलेले बरे.

पैसे खरोखर आले का?

ग्राहकाने ‘पैसे भरले’ म्हटले म्हणजे भरले असे नाही. त्याने दाखवलेला व्यवहार-क्रमांक खरा असला तरी तो दुसऱ्याच कुणाच्या व्यवहाराचा असू शकतो. म्हणून सर्व्हरने पाच गोष्टी तपासाव्यात: व्यवहार यशस्वी झाला का, तो योग्य नाण्याच्या कराराचा आहे का, आपल्याच पत्त्यावर आला का, रक्कम पुरेशी आहे का आणि हा क्रमांक याआधी वापरला गेला आहे का. पाचवी तपासणी राहिली तर एकाच पावतीवर कुणीही हजार वेळा माल नेईल. प्रोसेसरकडून येणाऱ्या निरोपांनाही हेच लागू आहे. निरोपाची सही तपासावी आणि तोच निरोप दोनदा आला तर दुसऱ्यांदा काही घडू नये अशी व्यवस्था असावी.

किती वेळ थांबायचे हे रकमेवर ठरते. बिटकॉइनचा एक ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो आणि मोठ्या रकमेसाठी सहा ब्लॉक, म्हणजे सुमारे तासभर थांबण्याचा प्रघात आहे. इथेरियमवर व्यवहार पूर्ण पक्का व्हायला साधारण तेरा मिनिटे लागतात. एका सेंटसाठी कुणी एवढे थांबत नाही आणि थांबूही नये. पाच हजार डॉलरच्या वार्षिक परवान्यासाठी मात्र जरूर थांबावे.

बिटकॉइनमध्ये पैसे घेणाऱ्यांसाठी आणखी एक चांगली सोय आहे. २०१२ च्या बीआयपी-३२ प्रस्तावामुळे एका ‘एक्स-पब’वरून, म्हणजे विस्तारित पब्लिक कीवरून, हवे तितके पत्ते काढता येतात. बीटीसीपे सर्व्हरसारखे मुक्त सॉफ्टवेअर हेच करते: त्याला एक्स-पब दिला की ते प्रत्येक ग्राहकाला नवा पत्ता देते, आणि प्रायव्हेट की हार्डवेअर वॉलेटमध्येच राहते. यामुळे कोणते पैसे कोणाचे हा हिशेब सोपा होतो. दुसरा फायदा गुप्ततेचा. एकच पत्ता सगळ्यांना दिला तर तुमची रोजची उलाढाल प्रत्येक ग्राहकाला आणि प्रतिस्पर्ध्याला उघड दिसते. पण एक्स-पब जपून ठेवावा. तो आणि त्याखालची एखादी जरी प्रायव्हेट की एकाच माणसाच्या हाती पडली, तर त्यावरून वरची किल्ली काढता येते आणि सगळेच पत्ते उघडे पडतात.

पत्त्यावरही पहारा हवा

सर्व्हरवर किल्ली नसली की साठलेले पैसे सुरक्षित राहतात, पण पुढचे पैसे वळवता येतात. सर्व्हरमध्ये शिरलेल्याने जमा-पत्त्याच्या जागी स्वतःचा पत्ता घातला तर ग्राहक मुकाट त्याला पैसे देत राहतील. ८ सप्टेंबर २०२५ रोजी एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातल्या चॉक आणि डीबगसह अठरा अतिशय लोकप्रिय पॅकेजमध्ये असाच प्रोग्रॅम घुसवला गेला. तो ब्राउझरमध्ये चालू असलेल्या क्रिप्टो व्यवहारातला पत्ता पाहून त्याच्या जागी दिसायला मिळताजुळता दुसरा पत्ता घालत असे.

यावर उपाय म्हणजे बाहेरून नजर ठेवणे. दर काही मिनिटांनी वेगळ्या यंत्रावरून आपल्याच एपीआयकडे मागणी करावी, ४०२ च्या मागणीपत्रातला पत्ता तोच आहे का ते पडताळावे आणि बदललेला दिसला तर सेवा बंद करून फोनवर सूचना यावी. पॅकेजच्या आवृत्त्या गोठवून ठेवाव्यात, नवी आवृत्ती आली म्हणून लगेच घेऊ नये.

दुसरा धोका पत्त्याच्या सारखेपणाचा. तुमच्या नेहमीच्या पत्त्याशी पहिली आणि शेवटची काही चिन्हे जुळणारा पत्ता बनवून भामटे त्यावरून क्षुल्लक रक्कम पाठवतात. तो पत्ता तुमच्या इतिहासात येऊन बसतो. पुढच्या वेळी तुम्ही इतिहासातून पत्ता उचलता आणि पैसे त्यांच्याकडे जातात. मे २०२४ मध्ये एकाने असे १,१५५ रॅप्ड बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ६.८ कोटी डॉलर पाठवून दिले. चोराने नंतर बरीचशी रक्कम परत केली, पण असे क्वचितच घडते. पत्ता पूर्ण वाचावा आणि हार्डवेअर वॉलेटच्या पडद्यावर पुन्हा वाचावा.

तिसरा धोका नाण्याचाच. डॉलरशी बांधलेले नाणेही डॉलर नसते. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा सर्कलच्या राखीव निधीतले ३.३ अब्ज डॉलर तिथे होते, आणि यूएसडीसीचा भाव काही काळ ८८ सेंटांखाली गेला. दोन-तीन दिवसांत तो सावरला. तरीही जी रक्कम महिन्याच्या खर्चाला लागणार आहे ती नाण्यात साठवून ठेवू नये.

भारतात बसून घेताना

क्रिप्टो भारतात बेकायदा नाही, पण ते चलनही नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या विक्रीवरील नफ्याला ३० टक्के कर लागू झाला. खरेदीच्या किमतीखेरीज कोणतीही वजावट त्यातून मिळत नाही आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून हस्तांतरावर एक टक्का टीडीएस आला. मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आणली गेली. म्हणून नाणी रुपयांत बदलायची तर एफआययू या सरकारी आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेल्या एक्स्चेंजवरच बदलावीत.

सर्वात महत्त्वाचा मुद्दा निर्यातीचा आहे. पुण्यात बसून अमेरिकेतल्या ग्राहकाला एपीआय विकणे ही सेवेची निर्यात. जीएसटीत निर्यातीवर शून्य दर मिळण्यासाठी जी अटींची यादी आहे, त्यातली एक अशी की मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तिथे रुपयांत, मिळालेला हवा. क्रिप्टोला भारतात परकीय चलनाचा दर्जा नाही. म्हणजे तोच व्यवहार बँकेतून आला तर निर्यात ठरतो आणि वॉलेटमध्ये आला तर ती सवलत गमावण्याची वेळ येते. निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेमार्फत देशात आणावेत ही परकीय चलन कायद्याची, म्हणजे फेमाचीही, अपेक्षा आहे. त्यामुळे भारतात नोंदलेल्या व्यवसायाने वॉलेट उघडण्याआधी सीएला गाठावे, नंतर नव्हे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी डेव्हलपरांसाठी नियम अधिक सुटसुटीत आहे. तिथल्या महसूल खात्याने २०१४ पासून क्रिप्टोला मालमत्ता मानले आहे, आणि सेवेच्या मोबदल्यात मिळालेल्या नाण्याचा त्या दिवसाचा बाजारभाव हे उत्पन्न धरले जाते. दोन्ही देशांत एक गोष्ट सारखीच लागते: प्रत्येक जमेची तारीख, व्यवहार-क्रमांक, नाण्याची संख्या आणि त्या दिवसाचा भाव यांची नोंद. एक सेंटच्या दहा हजार मागण्यांची वही हाताने लिहिता येत नाही. पहिल्या दिवसापासून ती सर्व्हरनेच लिहावी.

ज्यांचे ग्राहक दरमहा ठरावीक रक्कम देतात, त्यांना या सगळ्याची गरज नाही; बँक आणि कार्ड त्यांना पुरेसे आहे. ज्यांची सेवा यंत्रेच विकत घेणार आहेत आणि तीही सेंट-सेंटने, त्यांच्यासाठी मात्र हा मार्ग खरोखर उपयोगाचा आहे. त्यांनी सर्व्हरवर फक्त पत्ता ठेवावा, किल्ली घरी ठेवावी, शब्द कागदावर ठेवावेत आणि हिशेब रोजच्या रोज ठेवावा. तुमच्या सर्व्हरवर आज एखादी प्रायव्हेट की पडून असेल तर हा लेख बाजूला ठेवा, नवे वॉलेट उघडा, पैसे तिकडे हलवा आणि मगच पुढचे काम हाती घ्या.